मुंबई ते न्यूयॉर्क : विमानप्रवासाचे अंतर आणि वेळ घरच्या घरी कशी काढायची?

"रात्री दोनला निघून सकाळी साडेसातला न्यूयॉर्क? म्हणजे साडेपाच तासच की!" तिकीट हातात पडताच आई म्हणाली. तिकिटावरच्या दोन्ही वेळा त्या-त्या गावच्या असतात. त्यांची थेट वजाबाकी केली की हमखास फसायला होतं. पहिल्यांदा परदेशी निघालेल्या माणसाला हा हिशोब आधीच समजावून द्यायला हवा.

आधी अंतर काढू. भिंतीवरचा नकाशा इथे कामाचा नाही. त्यावर सरळ रेघ मारली तर ती अरबस्तान, आफ्रिका आणि अटलांटिकवरून जाते. मुलांचा पृथ्वीगोल घ्या आणि मुंबईपासून न्यूयॉर्कपर्यंत दोरा ताणून धरा. दोरा आपोआप उत्तरेकडे सरकतो आणि रशिया, ग्रीनलंडच्या बाजूने पलीकडे उतरतो. हीच सर्वांत जवळची वाट. आता तोच दोरा विषुववृत्ताभोवती गुंडाळून मोजा. आमच्या गोलावर विषुववृत्त ९६ सेंमी भरलं आणि मुंबई-न्यूयॉर्क ३० सेंमी. विषुववृत्त साधारण ४०,००० किमीचं, म्हणून ३० भागिले ९६ गुणिले ४०,००० म्हणजे १२,५०० किमी. खरं अंतरही जवळपास एवढंच आहे.

आता वेळ. मोठी प्रवासी विमानं ताशी सुमारे ९०० किमी वेगाने जातात. १२,५०० ला ९०० ने भागलं की चौदा तास येतात. धावपट्टीपर्यंत जाणं, चढणं, उतरणं यासाठी अर्धा तास धरा. जाताना आणखी तास-दीड तास मिळवा, कारण वरच्या हवेत पश्चिमेकडून पूर्वेकडे जोरदार वारे वाहतात आणि न्यूयॉर्कला जाताना ते समोरून येतात. म्हणून जाताना थेट विमानाला साधारण सोळा तास आणि येताना साडेचौदा धरावेत. एखाद्या देशाची हवाई हद्द बंद असेल तर वळसा पडून वेळ वाढते. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमानांना हद्द बंद केली, तेव्हा हेच झालं.

घड्याळ जुळवायचं ते शेवटी. न्यूयॉर्क हिवाळ्यात आपल्या साडेदहा तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेनऊ. तिथे मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ तासभर पुढे करतात आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी पुन्हा मागे घेतात. प्रवासाची तारीख यांपैकी कुठे पडते ते आधी पाहा. आईचा प्रवास जानेवारीतला. रात्री दोन अधिक सोळा तास म्हणजे आपल्याकडचे संध्याकाळचे सहा. त्यातून साडेदहा वजा केले की तिथली सकाळची साडेसात. हिशोब जुळला!

दुबईमार्गे जाणार असाल तर दोन्ही टप्पे वेगवेगळे मोजा. एकूण अंतर जेमतेम ४०० किमीने वाढतं, हवेतला वेळ फार तर अर्धा-पाऊण तासाने. खरा वेळ खातो तो मधला मुक्काम. तिकीट निवडताना तोच आधी बघा.

आईची रक्तदाबाची गोळी रात्री नऊची. निघायच्या दिवशी ती घरीच झाली. पुढची वेळ आली ती न्यूयॉर्कच्या सकाळी साडेदहाला, उतरल्यावर तीन तासांनी. तोवर मोठ्या बॅगा हाती येतीलच याचा भरवसा नाही, म्हणून गोळ्यांची डबी आम्ही तिच्या खांद्यावरच्या पर्समध्ये ठेवली. आणि हातातलं घड्याळ भारताच्याच वेळेवर राहू दिलं.