रात्रीची खोकल्याची ढास कशी शमवावी

सर्दीमागून येणारा खोकला बहुतेक वेळा विषाणूंमुळे होतो आणि पुरता जायला दोन-तीन आठवडे सहज लागतात. 'एका रात्रीत खोकला मुळापासून गायब' असं सांगणाऱ्यांचं अजिबात ऐकू नका. घरगुती उपायांनी घशाला आराम पडतो आणि झोप लागते. आजारी माणसाला तेवढंही खूप असतं.

दिवसभर कोमट पाणी घोट-घोट प्या. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या करा. आल्याचा काढा रुचत असेल तर घ्या, नसेल तर सोडा.

झोपताना चमचाभर मध घ्या, पण नुसता. पेलाभर पाण्यात ढवळून गटागटा प्यायलात तर घशावर त्याचा लेप बसणार कसा? जिभेवर घोळवत सावकाश गिळा आणि त्यावर लगेच पाणी पिऊ नका. एक वर्षाच्या आतल्या बाळाला मात्र मधाचं बोटही चाटवायचं नाही. त्यातून बोटुलिझम हा जिवावर बेतणारा आजार होऊ शकतो. घरातली वडीलधारी कितीही आग्रह करोत, इथे ठाम राहा.

खरी परीक्षा आडवं झाल्यावर. नाकातला स्राव घशात उतरतो, खवखव सुरू होते आणि ढास लागते. डोक्याखाली दोन उश्या कोंबल्या की मान पुढे मोडते आणि घसा आणखी आवळतो. उशी खांद्यांखालून सुरू झाली पाहिजे, म्हणजे छातीपासून वरचा भाग उतरता राहतो. ही मांडणी मला फार उशिरा जमली, म्हणून एवढं सांगते.

तरीही उबळ आलीच तर? कोरडा खोकला खोकण्यानेच वाढतो. प्रत्येक ठसक्याने घसा आणखी चिडतो आणि पुढचा ठसका ओढवून घेतो. म्हणून खवखव जाणवताच तोंड मिटा, आवंढा गिळा किंवा पाण्याचा एक घोट घ्या आणि नाकाने अगदी हळू, उथळ श्वास घेत राहा. पहिलं अर्धं मिनिट जीव कासावीस होतो, पण नेटाने धरलं तर उबळ बऱ्याचदा ओसरते. हे फक्त कोरड्या खोकल्यासाठी. कफ सुटत असेल तर दाबू नका, खोकून बाहेर काढा.

उकळत्या पाण्याच्या भांड्यावर वाफ घेण्याच्या मी सक्त विरोधात आहे, मुलांच्या बाबतीत तर विशेषच. भांडं कलंडून भाजतं, आणि तेवढा धोका पत्करावा असा फायदा त्यात नाही. न्हाणीघरात गरम पाणी सोडून दमट हवेत थोडं बसलं तरी पुरे.

थुंकीत रक्त, धाप, छातीत दुखणं, चढता ताप, घटतं वजन, यातलं काहीही दिसलं किंवा खोकला तीन आठवड्यांपलीकडे गेला, तर मध-मीठ बाजूला ठेवून डॉक्टरांकडे जा. अगदी तान्ह्या बाळाला खोकला झाला तर पहिल्याच दिवशी.