बुगडी टोचल्यावर कान सुजला? आधी कानाची पाळी बघा

कानाचा वरचा भाग लालबुंद, ठणकतोय, उशीला टेकवत नाही, आणि खालची पाळी मात्र नेहमीसारखी. परभणीच्या माझ्या दवाखान्यात असा कान आला की मी आधी विचारतो, "कुठं टोचलं?" बहुतेकदा उत्तर येतं, जत्रेत. पोरींची बुगडी, पोरांची भिकबाळी. दोन्ही पाळीत नाही, वर कूर्चेत म्हणजे मऊ हाडात बसतात. तिथल्या जंतुसंसर्गाला आम्ही पेरिकॉन्ड्रायटिस म्हणतो.

पाळीत कूर्चा नसते, म्हणून ती सुटते. पाळीसकट कान आणि गालही लाल असेल, तर दुखणं बहुधा कातडीचं. भोकासमोरचा उंचवटा दाबल्यावर कळ येत असेल, कान वाहत असेल, तर कानाच्या नळीचं. पाण्याचे बारीक फोड आले किंवा तोंड वाकडं झालं, तर नागीण असू शकते; त्याच दिवशी दाखवा. काहीही न टोचता दोन्ही कान पुन्हा पुन्हा सुजतात, नाक-सांधेही दुखतात, तर प्रकरण वेगळं, त्याच्या तपासण्याही वेगळ्या.

कूर्चेला स्वतःच्या रक्तवाहिन्या नसतात. वरचं पातळ आवरण तिला पोसतं. मधे पू साठला की आवरण सुटतं, कूर्चा मरते आणि कान चुरगळतो. पैलवानांचे कान असेच मोडतात, फक्त तिथं पुवाऐवजी रक्त साठतं.

दागिना आधी काढायचा. "काढू नका डॉक्टर, छिद्र बुजंल," असं सासूबाई हमखास म्हणतात. बुजू द्या. हळद-तेलही थांबवा.

मेडिकलवरून अमॉक्सिसिलिन आणून खाल्लेले पेशंट मला नेहमी भेटतात. इथला मुख्य जंतू स्यूडोमोनास, ओलाव्यात राहणारा. त्याच्यावर ते चालतच नाही. सहसा सिप्रोफ्लॉक्सासिन लागतं, मोठ्या माणसाला बहुधा ५०० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा, पण डोस आणि दिवस डॉक्टरांनीच ठरवायचे. दूध, कॅल्शियम किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतलं तर ते अंगी लागत नाही. मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर साखर एकदम उतरू शकते. गरोदरपण असेल किंवा पेशंट लहान असेल, तर तेही आधीच सांगा.

सूज बोटाखाली लिबलिबीत लागली की पू झालाय असं समजा. आता नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. घरी सुई घालू नका. चीर देऊन पू काढायचा, थोडा तपासणीला पाठवायचा, आणि आवरण परत चिकटावं म्हणून कानाला दाबाची पट्टी बांधायची. जवळ सोय नसेल तर अंबाजोगाईचं सरकारी हॉस्पिटल किंवा संभाजीनगरचं घाटी हॉस्पिटल गाठा. ताप, थंडी किंवा पसरणारी लाली असेल, तर सलाइनमधून औषध द्यावं लागतं, भरती व्हावंच लागतं.

गोळ्या सुरू होऊन दोन दिवसांत ठणका उतरला नाही, तर कोर्स संपायची वाट न बघता पुन्हा या. येताना खाल्लेल्या गोळ्यांची पाकिटं घेऊन या.