अँटिबॉडी नंतर, आधी भात

एम.एस्सी.च्या प्रोजेक्टला 'संप्रेरकांचा भातातल्या प्रथिनांवर परिणाम' हा विषय घेऊन दरवर्षी कुणीतरी येतं आणि पहिल्यांदा विचारतं, अँटिबॉडी कुठली मागवू? अँटिबॉडी, म्हणजे हवं ते प्रथिन नेमकं ओळखणारा रेणू, राहू दे. आधी भात आणा.

भात म्हणजे तुसासकट बियाणं. दुकानातला तांदूळ नव्हे. पॉलिश करताना कोंडा निघतो आणि त्याच्याबरोबर अल्युरोनचा, म्हणजे दाण्यातल्या पिठाभोवतीच्या पेशींचा, थरही जातो. जिबरेलिन हे वाढीचं संप्रेरक मिळालं की अल्फा-अमायलेज, म्हणजे स्टार्च पचवणारं विकर, बनवतो तो हाच थर. आजऱ्याकडे पाहुणे असतील तर घनसाळ मागवा, नाहीतर इंद्रायणी चालेल; पण एका प्रयोगात एकच वाण. इंद्रायणीच्या आईबापांत आयआर-८ आहे, आणि आयआर-८चं बुटकेपण येतं ते जिबरेलिन तयार करणाऱ्या एका जनुकातल्या बिघाडामुळं. वाण बदललं की दाण्यातला हिशोबही बदलू शकतो.

मळणी कधी झाली ते विचारून पिशवीवर लिहा. ताजं भात सुप्तावस्थेत असतं. मी एकदा डिसेंबरात नुकतंच मळलेलं घनसाळ घेतलं, उगवण धड झाली नाही, आणि पंधरा दिवस हार्मोनच्या बाटलीला शिव्या घातल्या. तेव्हा शिमग्यापर्यंत थांबा, किंवा सुकं बियाणं पाच दिवस ५० अंशांच्या ओव्हनमध्ये ठेवा. मग ५० दाणे ओल्या कागदावर टाका. ४५ तरी उगवले नाहीत तर ते पोतं बाजूला सारा.

जिबरेलिक ॲसिड थेट पाण्यात ढवळत बसू नका. ३४.६ मिलिग्रॅम १० मिलिलिटर इथेनॉलमध्ये विरघळवलं की १० मिलिमोलर द्रावण होतं. त्यातलं १ मायक्रोलिटर १० मिलिलिटर पाण्यात गेलं की १ मायक्रोमोलर. अब्सिसिक ॲसिड, म्हणजे जिबरेलिनच्या उलट काम करणारं संप्रेरक, उजेडात टिकत नाही, तेव्हा बाटलीला फॉइल गुंडाळा. आणि कंट्रोलमध्ये, म्हणजे तुलनेसाठी संप्रेरक न दिलेल्या नमुन्यात, नुसतं पाणी नको, तेवढंच इथेनॉल घातलेलं पाणी हवं. परीक्षक सगळ्यात आधी इथंच पकडतात, आणि बरोबरच पकडतात.

आता जिला कुणी प्रोजेक्टमध्ये मान देत नाही ती तपासणी. तूस काढून दाणा आडवा कापा, गर्भाचा अर्धा भाग टाकून द्या. गर्भ नसला की दाण्याला स्वतःचं जिबरेलिन मिळत नाही. जे मिळेल ते तुम्ही दिलेलं. उरलेले अर्धे दाणे सोडियम हायपोक्लोराइटनं निर्जंतुक करून, चार-पाच वेळा निर्जंतुक पाण्यानं धुऊन स्टार्च घातलेल्या अगारच्या जेलीवर ठेवा. प्लेटा चार: कंट्रोल, जिबरेलिन, अब्सिसिक, आणि दोन्ही एकत्र. अगारमध्ये थोडं कॅल्शियम क्लोराइडही हवं, त्याच्याशिवाय अमायलेज टिकत नाही. दोन-तीन दिवस अंधारात ठेवून आयोडीन ओता. प्लेट निळी-काळी होते आणि जिबरेलिनच्या दाण्याभोवती पांढुरकं कडं उमटतं, कारण तिथला स्टार्च अमायलेजनं खाल्लेला असतो. अब्सिसिक सोबत असेल तर ते लहान होतं किंवा उमटतच नाही. कडं दिसलं नाही तर जेल चालवण्यात, म्हणजे प्रथिनं आकारानुसार वेगळी करण्यात, अर्थ नाही.

कडं दिसलं की तारखा ठरवा. नमुने ०, २४, ४८ आणि ७२ तासांनी घ्यायचे, म्हणजे शुक्रवारी सुरू केलेल्याचे ४८ तास रविवारी भरतात. किल्ली कुणाकडे असते ते आधी विचारा. पावसाळ्यात इन्क्युबेटरच्या भरवशावर राहू नका. लाइट गेली की तापमान किती उतरलं ते नंतर कळत नाही, म्हणून आत एक साधा थर्मामीटर ठेवा.

नमुने दळायला द्रवरूप नायट्रोजन लागतो. गाई-म्हशींच्या कृत्रिम रेतनासाठी टाक्यांतून नेतात तोच. पण टाकी, जाड हातमोजे आणि उघडी खिडकी यांची सोय आधी करा. पीएमएसएफ हे प्रथिनं तुटू न देणारं रसायन पाण्यात लवकर मरतं, ते बफरमध्ये, म्हणजे प्रथिनं काढायच्या द्रावणात, आयत्या वेळी घाला, आणि विषारी आहे हे विसरू नका. ब्रॅडफर्डच्या रंगपद्धतीनं प्रथिन मोजायचं तर त्या नमुन्यात एसडीएस हा डिटर्जंट नको, आकडा बिघडतो. जेलच्या प्रत्येक लेनमध्ये, म्हणजे रांगेत, सारखं प्रथिन, २० मायक्रोग्रॅम चालेल.

पानांवर प्रयोग करायचा हट्ट असेल तर रुबिस्को, म्हणजे हवेतला कार्बन डायऑक्साइड पकडणारं प्रथिन, आडवं येणार. पानातल्या विरघळणाऱ्या प्रथिनात निम्म्याच्या आसपास तेच असतं, आणि जेलवर त्याचा जाड पट्टा शेजारच्या बारीक पट्ट्यांना झाकतो. पहिल्या प्रोजेक्टला दाणाच घ्या. प्रत्येक प्रयोग वेगवेगळ्या दिवशी तीनदा करा. एकाच अर्काच्या तीन लेन म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. अँटिबॉडीची ऑर्डर त्यानंतर द्या, ती यायला लागणाऱ्या दिवसांत जेलवर हात बसेल.