काळ्या प्लास्टिकवर पांढरे डाग न पाडणारे वॅक्स आणि पॉलिश कसे निवडावे

वॅक्स केल्यावर गाडीचा रंग खुलतो, पण बंपरची काळी पट्टी, चाकांवरचे क्लॅडिंग आणि वायपरखालची जाळी यांच्या कडेने पांढरे फराटे उठतात. धुतले की ते गेल्यासारखे वाटतात आणि वाळल्यावर पुन्हा डोके वर काढतात. यात दोष बहुतेक वेळा हाताचा कमी आणि बाटलीचा जास्त असतो.

बिनरंगाच्या काळ्या प्लास्टिकचा पृष्ठभाग मुद्दाम दाणेदार ठेवलेला असतो. पॉलिशमध्ये घासण्यासाठी अतिशय बारीक पूड असते, बहुधा अ‍ॅल्युमिनियम ऑक्साइडची. काही क्लीनर-वॅक्समध्ये केओलिन, म्हणजे चिनी मातीही असते. पातळ करणारा द्रव उडून गेला की पूड आणि मेण दाण्यांमधल्या खाचांत वाळून बसते, आणि कापडाचा धागा खाचेच्या तळापर्यंत पोचत नाही. ओल्या खाचेत हीच पूड जवळजवळ दिसेनाशी होते, म्हणून धुतल्यावर फसगत होते. ऊन खाऊन खरखरीत झालेले जुने प्लास्टिक तर ती आणखी घट्ट धरून ठेवते.

१. आधी गरज ओळखा. पॉलिश रंगावरचे बारीक ओरखडे घासून काढते, वॅक्स त्यावर संरक्षक थर देते. रंग ठीक असेल तर पॉलिशची गरजच नाही. नुसते वॅक्स किंवा सीलंट (मेणाऐवजी कृत्रिम पदार्थाचा संरक्षक थर देणारे) घ्या, डागांचा निम्मा धोका तिथेच टळतो. ‘एकाच बाटलीत सगळे’ म्हणणारी उत्पादने काळ्या पट्ट्या जास्त असलेल्या गाडीला टाळलेली बरी, कारण त्यांत पूड आणि मेण दोन्ही असते.

२. लेबल नीट वाचा. ‘ओरखडे काढते’, ‘जुना रंग उजळते’, ‘क्लीनर वॅक्स’ असे शब्द दिसले की आत पूड आहे असे समजा. ‘प्लास्टिक ट्रिमवर (म्हणजे बिनरंगाच्या काळ्या पट्ट्यांवर) पांढरे पडत नाही’ असे स्पष्ट लिहिलेले असेल तर उत्तम. ‘सर्व पृष्ठभागांसाठी’ एवढ्यावर मात्र विसंबू नका; खाली बारीक अक्षरांत दाणेदार प्लास्टिक वगळलेले असू शकते. सर्वांत निर्धोक म्हणजे पातळ, पारदर्शक स्प्रे सीलंट किंवा सिलिका असलेला स्प्रे. डबीतले घट्ट कार्नोबा वॅक्स (एका ताडवर्गीय झाडाच्या पानांपासूनचे मेण) रंगाला सुंदर खोली देते, पण वाळल्यावर पांढरट होते, त्यामुळे ते पट्टीपासून लांबच ठेवावे लागते.

३. विकत घेतलेली बाटली लगेच गाडीवर ओतू नका. न हलवता एक दिवस उभी ठेवा. तळाशी साका बसला तर पूड आहे. थेंबभर द्रव दोन बोटांत चोळा, कचकच जाणवली तरी तेच. कचकच नाही म्हणून पूड नाही असे मात्र नसते. हल्लीची पूड फार बारीक दळलेली असते. म्हणून खरा निकाल पुढच्या चाचणीतच लागतो.

४. मागच्या बंपरच्या खालच्या कडेला, सहज नजरेत न येणाऱ्या जागी, थेंबभर लावा. लेबलवर दिलेल्या वेळेइतके वाळू द्या, कोरड्या मायक्रोफायबर कापडाने पुसा आणि पूर्ण कोरडे असताना उजेडात तिरके पाहा. पांढरी छटा दिसली तर ते उत्पादन टेप न लावता वापरायचे नाही.

५. पॉलिश करायचेच असेल तर पट्ट्या झाका. गाडी धुऊन पूर्ण कोरडी करा. ओल्या किंवा ड्रेसिंग (प्लास्टिक काळे, ताजे दिसावे म्हणून लावायचा द्रव) लावलेल्या प्लास्टिकवर टेप टिकत नाही. रंगकामाची कमी चिकट मास्किंग टेप घ्या, २४ मिमी रुंदीची सोयीची पडते. टेपची कड रंग आणि प्लास्टिक यांच्या सांध्यावर आणून नखाने दाबा. पॅकिंगची तपकिरी टेप नको, तिचा गोंद मागे राहतो आणि तो काढणे डागापेक्षा त्रासाचे. खिडकीची रबरी बीडिंगही झाका. ती विसरली जाते आणि डाग तसाच धरते. काम झाले की टेप लगेच, स्वतःवर मागे दुमडत, हळू ओढा.

६. थोडेच घ्या, सावलीत, थंड पत्र्यावर. ५ इंची पॅडवर वाटाण्याएवढे ३–४ ठिपके पुरतात. मशीन पत्र्याला टेकवून मगच सुरू करा, नाहीतर शिंतोडे उडतात. कडेचे दोन-तीन सेंटिमीटर हातानेच करा. टेपवरूनही फिरता पॅड नेऊ नका: टेप फाटून दाणे घासले गेले की तिथे चकचकीत पट्टा उमटतो, आणि तो कुठल्याही क्लीनरने जात नाही. स्प्रे असेल तर थेट गाडीवर न मारता कापडावर मारा.

७. काळ्या प्लास्टिकचे ड्रेसिंग पॉलिशनंतर आणि वॅक्सच्या आधी लावा. त्याने खाचा भरतात, मग चुकून लागलेले वॅक्स पुसले जाते. पाण्यावर आधारित ड्रेसिंग निवडा आणि रंगावर सांडलेले लगेच पुसा. त्यात सिलिकॉन असेल तर वॅक्स तिथे धरणार नाही.

तरीही डाग पडला तर तो ओला असतानाच साबणाच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या कापडाने पुसा. वाळला असेल तर आधी साधे पांढरे खोडरबर फिरवून पाहा. ते खाचेतले मेण ओढून घेते. न जमल्यास ऑल-पर्पज क्लीनर १ भाग आणि कोमट पाणी १० भाग असे मिसळून मऊ टूथब्रशने छोटे गोल फिरवत घासा, क्लीनर वाळू न देता पुसा आणि पाण्याने धुवा. एकदा करून छटा राहिली तर पुन्हा करा. जोर वाढवू नका. पेट्रोल आणि थिनर वापरू नका, काही प्लास्टिकना त्याने तडे जातात. मेलामाइनचा पांढरा स्पंजही नको, तो दाणेच घासतो. शेंगदाण्याचे बटर चोळण्याचा घरगुती उपाय डाग बहुधा तेलाने नुसता झाकतो, आणि त्या तेलावर धूळ चिकटते.

घासूनही पांढरेपणा हलत नसेल तर तो डाग आहे का हे तपासा. मेणाचा डाग रंगाच्या कडेने, फराट्याच्या आकारात असतो. संपूर्ण पट्टी सारखीच राखाडी दिसत असेल तर प्लास्टिकच उन्हाने विटले आहे. तिथे क्लीनर कामाचा नाही, रंग परत आणणारे ट्रिम कोटिंग लागेल.