ऑसम हाती आला की पीपीसी कशी चालवावी

आमच्या मालवणच्या पडवीत बॅटलटेक हा फाशांचा, पटावरचा लढाईचा खेळ शिकायला जो येतो, त्याला मी पहिल्यांदा ऑसम देतो: ८० टनांचा, सावकाश चालणारा, तीन पीपीसींचा मेक, म्हणजे चालतं युद्धयंत्र. पीपीसी म्हणजे भारित कणांचा झोत फेकणारी तोफ. वजन ७ टन, नेम लागला तर १० डॅमेज, डागली की १० हीट. दारूगोळा लागत नाही, त्यामुळे तो संपण्याची किंवा मेकच्या पोटात फुटण्याची धास्तीच नाही.

आधी हेक्स, म्हणजे पटावरची षटकोनी घरं, मोजा, मग पाऊल टाका. ६ पर्यंत जवळचा पल्ला, १२ पर्यंत मधला, १८ पर्यंत लांबचा. मला १० ते १२ ची जागा आवडते, कारण साधा मीडियम लेसर ९ च्या पुढे पोचत नाही. पण १३ वर सरकू नका. ४ गनरीचा, म्हणजे नेमबाजीचा आकडा ४ असलेला, पायलट चालत जाऊन मोकळ्यावर उभ्या शत्रूला मारतो, तेव्हा १२ हेक्सवर दोन फाशांत ७ पुरतात; १३ वर ९ लागतात. ३६ पैकी २१ शक्यता होत्या, त्या १० वर येतात. एका हेक्सपायी!

आता हीट. ऑसमला २८ हीट सिंक, म्हणजे दर फेरीला २८ हीट उतरते. चालत तिन्ही तोफा डागल्या की ३१ हीट, म्हणजे ३ उरते. पुढच्या फेरीतही तेच केलंत तर ६, आणि ५ पासून चाल एकाने घटते. म्हणून तिसऱ्या फेरीत दोनच डागा; सगळी हीट उतरते. तीन, तीन, दोन. हा हिशोब मी पोरांकडून चिंचोक्यांवर करून घेतो. जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या झापांखाली असतात, तेव्हा रोज डाव पडतो. दमट हवेत कागद वळतो, पेनाची शाई पसरते, चिंचोक्यांना काही होत नाही.

डोक्याला नेम लागला म्हणून लगेच नाचू नका. पूर्ण चिलखताचं डोकं चिलखताचे ९ आणि आतल्या सांगाड्याचे ३ मिळून १२ सोसतं; एका पीपीसीचे १० पुरत नाहीत.

शत्रू ३ हेक्सवर आला की पीपीसीचा नेम एकाने अवघड होतो, २ वर दोनाने, शेजारी तीनाने. शेजारी आलाच तर लाथ घाला. ऑसमची लाथ १६ डॅमेज देते, हीट शून्य. फक्त चुकली तर तोल सांभाळायला फासे टाकावे लागतात, तेव्हा आधी पायलटिंग, म्हणजे पायलटचा मेक सावरण्याचा आकडा, बघून घ्या.