संशोधन-ग्रंथालयाच्या इमारतीचा इतिहास कसा लावायचा

संस्थेचे वय तेच इमारतीचे वय असे धरले की इतिहास पहिल्याच पानावर चुकतो. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीचेच घ्या. सर जेम्स मॅकिन्टॉश यांच्या पुढाकाराने संस्था निघाली १८०४ मध्ये. ती आज ज्या टाउन हॉलमध्ये आहे त्याचे काम सुरू झाले १८२१ ला आणि पुरे झाले १८३३ ला. संस्था जन्मली तेव्हा या इमारतीचा पायाही खणलेला नव्हता.

म्हणून आधी तारखांचा तक्ता करा: ठराव, जागेचा ताबा, पायाभरणी, बांधकाम पूर्ण, उद्‌घाटन, पुस्तके हलवली. सहाही रकाने वेगळे ठेवा आणि प्रत्येक तारखेपुढे ती कुठल्या कागदावरून घेतली ते लिहा. कोनशिलेवर यातली फार तर एकच तारीख असते, आणि तीही बऱ्याचदा पाहुण्यांच्या सोयीची.

इतिवृत्ते वाचण्याआधी हिशेबवह्या काढा. ठराव होतात आणि वर्षानुवर्षे पडून राहतात. बिल चुकते झाले म्हणजे काम झाले. ‘इमारत निधी’ या खात्याइतकेच ‘विमा’ आणि ‘व्याज’ बघा. व्याजाची जमा अचानक घटली तर ठेव मोडलेली असू शकते; विम्याची रक्कम एकदम चढली तर नवा मजला किंवा दालन शोधा. अंदाजपत्रकातला आकडा खर्च म्हणून कधीच देऊ नका.

१९५७ पूर्वीची बेरीज रुपये-आणे-पैची. बारा पैंचा आणा, सोळा आण्यांचा रुपया. ४७ रु. ११ आ. ९ पै अधिक ३८ रु. ७ आ. ६ पै म्हणजे ८६ रु. ३ आ. ३ पै. दशांश चिन्ह टाकून संगणकात भरले की सगळा ताळा बिघडतो. वर्षही तपासा: जुना अहवाल डिसेंबरअखेरचा असतो की मार्चअखेरचा, यावर एका वर्षाचा फरक पडतो.

संस्थेबाहेरचे कागद म्हणजे नगर भूमापन कार्यालयातले मालमत्ता पत्रक, महापालिकेने मंजूर केलेले नकाशे, आणि जागा सरकारी असेल तर पुराभिलेखागारातले सार्वजनिक बांधकाम खात्याचे दप्तर. इथे शोध जुन्या नावाने घ्यावा लागतो. एशियाटिकचे कागद ‘लिटररी सोसायटी ऑफ बॉम्बे’ आणि ‘बॉम्बे ब्रँच ऑफ द रॉयल एशियाटिक सोसायटी’ या नावांखालीही सापडतात. फक्त आजचे नाव टाकणारा रिकाम्या हाताने परततो.

जुन्या नकाशावर पट्टी ठेवून मापे काढू नका. एक इंच म्हणजे आठ फूट या प्रमाणाचा नकाशा १:९६ असतो, १:१०० नव्हे. शिवाय कागद आक्रसतो आणि झेरॉक्समध्ये आकार बदलतो. लिहिलेले माप घ्या, नसेल तर नकाशावर रेखलेल्या मोजपट्टीशी ताडा. मूळ कागदाजवळ फक्त पेन्सिल. शाई नको, थुंकी लावून पान उलटणे तर नकोच.

मग भिंतींकडे या. पुस्तकांचे वजन लोक कमी समजतात. भारतीय मानकानुसार पुस्तकांच्या रॅकखालची जमीन २.२ मीटर उंचीपर्यंतच्या रॅकसाठी दर चौरस मीटरला ६ किलोन्यूटन, म्हणजे सुमारे ६०० किलो भार धरून आखतात. वाचनदालनाचा हिशेब याहून बराच हलका. म्हणून वाचनदालनाचे पुढे भांडार केले असेल तर खालच्या मजल्यावर नंतर घातलेले लोखंडी खांब किंवा तुळया सापडू शकतात. खांब छताच्या मूळ नक्षीला छेदून वर गेला असेल तर तो नंतरचा. भिंतीतला सरळ उभा सांधा, विटांच्या आकारातला बदल, बुजवलेली खिडकी यांचे फोटो मोजपट्टी शेजारी धरून घ्या. नुसत्या फोटोवरून नंतर काही मोजता येत नाही.

पुस्तके हलवल्याची तारीख कुठेच मिळाली नाही तर दाखल नोंदवही उघडा. एरवी दर आठवड्याला पुस्तके चढत असताना मध्येच दोन-तीन महिने एकही नोंद नसेल, तर तो काळ स्थलांतराचा असण्याची शक्यता धरा आणि त्याच महिन्यांत हमाली, गाडीभाडे किंवा नव्या कपाटांचे बिल हिशेबात आहे का पाहा.