रॉकेट पाहायला जाताना: आजारी लेकीच्या इच्छेच्या सहलीची तयारी

आम्ही मनातल्या मनात थीम पार्क ठरवून बसलो होतो. गंभीर आजारी मुलांची एक इच्छा पूर्ण करणाऱ्या संस्थेची स्वयंसेविका आली आणि म्हणाली, तुम्ही दोघं जरा बाहेर थांबा, मला तिच्याशीच बोलायचंय. दहा मिनिटांनी कळलं की लेकीला रॉकेट पाहायचंय. खरंखुरं, चंद्रावर जाणारं. त्यामुळे पहिली सूचना हीच: प्रश्न मुलाला विचारू द्या आणि उत्तर ऐकताना मध्ये बोलू नका. (मी बोलले होते. ‘पण पार्कमध्ये राजकन्या असतात गं!’ ती माझ्याकडे नुसती बघत राहिली.)

अर्ज करायला उशीर करू नका. ‘इच्छापूर्ती’ म्हणजे शेवटची सहल, असं समजून आम्ही कितीतरी महिने मागेच राहिलो. तसं नसतं. मेक-अ-विश ही संस्था 1980 साली अमेरिकेत ॲरिझोनात सुरू झाली. तिथे अडीच ते अठरा वर्षांमधल्या गंभीर आजारी मुलांचा विचार होतो आणि आजार बरा न होणारा असलाच पाहिजे अशी अट नाही. नाव डॉक्टर सुचवू शकतात, आईबाबा सुचवू शकतात, मूल स्वतःही सांगू शकतं. दुसऱ्या कुठल्या संस्थेकडून इच्छा आधीच पूर्ण झालेली असेल तर मात्र अडतं. फ्लोरिडात किसिमीला ‘गिव्ह किड्स द वर्ल्ड’ नावाचं खास अशा कुटुंबांसाठी वसवलेलं गाव आहे. तिथे राहण्याचे पैसे लागत नाहीत, पण आपण परस्पर बुकिंग करू शकत नाही. इच्छापूर्ती संस्थेमार्फतच जावं लागतं.

तारीख कॅलेंडर बघून ठरवू नका, उपचारांचा तक्ता बघून ठरवा. लेकीचा रक्ताचा कर्करोग, मेंटेनन्स (आजार परत येऊ नये म्हणून दीर्घकाळ चालणारे सौम्य उपचार) चालू. दर चार आठवड्यांनी पाच दिवस स्टेरॉइड. त्या पाच दिवसांत आमच्या घरात कुणी मोठ्यानं श्वाससुद्धा घेत नाही. ती चिडते, रडते, रात्री दोनला उठून जेवायला मागते, पाय दुखतात म्हणते. तो आठवडा पूर्ण टाळा. तुमच्या मुलाचा आजार वेगळा असेल, पण वाईट आठवडा कोणता हे तुम्हाला डॉक्टरांइतकंच माहीत असतं. ते ठामपणे सांगा.

मग विमान. केबिनमधला हवेचा दाब साधारण 6000 ते 8000 फूट उंचीवरच्या हवेसारखा असतो, म्हणजे ऑक्सिजन कमी मिळतो. तुम्हाआम्हाला ते जाणवत नाही, पण हिमोग्लोबिन उतरलेल्या किंवा फुप्फुसं दुबळी असलेल्या मुलाला जाणवतं. म्हणून निघण्याआधीच्या दिवसांत काउंट (रक्तातल्या पेशींची मोजणी) करून घ्या आणि विमान कंपनीचा मेडिफ फॉर्म, म्हणजे आजारी प्रवाशाच्या तब्येतीची माहिती देणारा फॉर्म, डॉक्टरांकडून वेळेत भरून घ्या. ऑक्सिजन लागणार असेल तर घरचा सिलिंडर चालेल असं धरू नका, तिकीट काढण्याआधी विचारा. व्हीलचेअर सांगून ठेवा, मूल चालत असलं तरी. माझी लेक चालते, पण विमानतळाच्या लांबच्या लांब रांगांत चालून सगळी शक्ती तिथेच संपवायची कशाला?

औषधं सगळी हातातल्या बॅगेत, मूळ वेष्टनात, आणि लागतील त्यापेक्षा काही दिवसांची जास्त. पातळ औषध 100 मिलिलिटरहून जास्त असलं तरी नेता येतं, तपासणीच्या वेळी आपणहून दाखवायचं. मॉर्फिनसारखं काही असेल तर त्या देशाचे नियम आधी पाहा, डॉक्टरांचं पत्र जवळ ठेवा. डिस्चार्ज समरीचा गठ्ठा नेऊ नका, कोण वाचणार? एक पान पुरतं: आजार, सध्याची औषधं, ॲलर्जी, सेंट्रल लाइन किंवा पोर्ट (औषध द्यायला मोठ्या शिरेत बसवलेली नळी) कुठे आहे, ताप आला तर काय करायचं. औषधांची ब्रँडची नावं न लिहिता मूळ नावं लिहा. अमेरिकेत पॅरासिटामॉलला ॲसिटामिनोफेन म्हणतात, हे मला औषधांच्या दुकानात उभं राहून कळलं. वेळेचा फरक मोठा असेल तर कुठली गोळी किती वाजता, हे डॉक्टरांकडूनच लिहून आणा; विमानात बसून बोटांवर हिशेब करू नका.

केमोवरच्या मुलाला 38 अंश सेल्सियस ताप म्हणजे थेट हॉस्पिटल, हे परदेशातही बदलत नाही. म्हणून राहायच्या ठिकाणाजवळ मुलांचा कर्करोग विभाग असलेलं हॉस्पिटल कुठे आहे, ते घरूनच शोधून पत्ता लिहून ठेवा. विमा काढताना आजार लपवू नका. लपवलेल्या आजारासाठी विमा नसल्यासारखाच. काही औषधांवर ऊन बाधतं, टोपी आणि पूर्ण बाह्यांचे कपडे घ्या.

आता सगळ्यात अवघड भाग. दिवसाला एकच गोष्ट. एवढ्या लांब आलोय तर हेही पाहू, तेही पाहू, हा मोह आपला असतो. दुसऱ्या दिवशी आम्ही दोन ठिकाणं धरली आणि संध्याकाळी ती आंघोळीलाही उठली नाही. तिसऱ्या दिवशी फक्त पोहण्याचा तलाव. (तिचा पोर्ट कातडीखाली आहे आणि सुई लावलेली नव्हती, म्हणून डॉक्टरांनी परवानगी दिली. नळी बाहेर असेल तर आधी विचारा.) भावंडालाही एक दिवस द्या. थोरल्यानं मागितलं ते फारच स्वस्त निघालं: बाबांबरोबर एकट्यानं नाश्ता.

चौथ्या दिवशी फ्लोरिडातलंच केनेडी स्पेस सेंटर, अमेरिकेचं रॉकेट सोडण्याचं ठिकाण. माणसांना चंद्रावर नेणारं सॅटर्न पाच रॉकेट तिथे आडवं ठेवलंय, 363 फूट लांब. आम्हाला वाटलं, ती या टोकापासून त्या टोकापर्यंत जाईल. तिनं व्हीलचेअर मागच्या पाच इंजिनांखाली थांबवायला सांगितली आणि अर्धा तास तिथून हललीच नाही. मी दोनदा घड्याळ पाहिलं. नवऱ्यानं माझा हात धरून ठेवला. मग ती म्हणाली, ‘झालं, झोपायला जाऊ या.’ बाकीचं आम्ही पाहिलं नाही.

परतल्यावर लगेच शाळा, पाहुणे ठेवू नका. दोन दिवस झोप, मग काउंट. आमचे काउंट थोडे पडलेले होते. सिस्टर सुई लावत असताना ती दुसऱ्या हातानं कागदावर पाच गोल काढत होती.